भोंगा उपक्रम, मोहित्यांचे वडगाव

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळेत टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा सामूहिक उपक्रम. सुरुवात ऑगस्ट २०२२. अवधानाची, म्हणजे हातातल्या कामाकडे आणि समोरच्या माणसाकडे लक्ष देण्याची सवय एका गावाने सार्वजनिक निर्णयाने जपण्याचा हा प्रयत्न आहे.

परिसर : कडेगाव आणि पलूस हे लगतचे तालुके असून दोन्ही मिळून पलूस-कडेगाव हा विधानसभा मतदारसंघ होतो. सागरेश्वर अभयारण्याचे डोंगर, ऊसशेती आणि सहकारी साखर कारखाने ही या भागाची ओळख. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे याच परिसरात आहे. मोहित्यांचे वडगावची लोकसंख्या सुमारे तीन हजार असून बहुतेक कुटुंबे शेतीवर अवलंबून आहेत.

पार्श्वभूमी : कोविडच्या साथीत २०२० पासून शाळा ऑनलाइन झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती मोबाइल आला. शाळा पुन्हा भरू लागल्या तरी तो सुटला नाही. मुले शाळेच्या आधी आणि नंतरही पडद्यात गुंतलेली असतात, अभ्यासात त्यांचे लक्ष लागत नाही, अशी शिक्षकांची आणि पालकांची तक्रार होती. मोठ्यांचाही बराच वेळ मोबाइल आणि मालिकांमध्ये जात होता.

स्वरूप : तत्कालीन सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय ग्रामस्थांपुढे मांडला आणि स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी झालेल्या सभेत तो ठरला. निर्णयात महिलांचा पुढाकार मोठा होता. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद राज्याच्या ग्रामपंचायत अधिनियमात आहे. घरातल्या अडचणी गावाच्या चर्चेत येण्यास अशा सभांचा उपयोग होतो. ठरल्याप्रमाणे संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद होतात. ८.३० वाजता दुसरा भोंगा होतो. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास, वाचन करावे आणि घरच्यांनी एकमेकांशी बोलावे, अशी अपेक्षा असते. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत कर्मचारी आणि निवृत्त शिक्षकांनी घरोघरी जाऊन लोकांना समजावले.

वेळेची निवड महत्त्वाची आहे. संध्याकाळी ७ नंतर लोकप्रिय मालिका सुरू होतात, तेव्हा मुलांच्या अभ्यासासाठी मोठ्यांनाही काहीतरी सोडावे लागते. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदी घातली. तिथे बंधन वयाला होते, वडगावात ते घड्याळाला आहे आणि सर्वांना सारखे आहे. घरातली मोठी माणसे पडद्यापुढे बसलेली असताना मुलाला अभ्यासाला बस म्हणणे फोल ठरते, हे या रचनेत गृहीत धरलेले दिसते.

वैचारिक संदर्भ : सजगतेचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. रामदासांनी दासबोधात हरिकथा आणि राजकारण यांच्यापाठोपाठ सर्व बाबतींतल्या सावधपणाला स्थान दिले. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात येऊन विपश्यनेची शिबिरे सुरू केली आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी हे केंद्र उभे राहिले. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात साधक मौन पाळून आधी श्वासाकडे आणि मग शरीरातील संवेदनांकडे लक्ष देण्याचा सराव करतात. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात बौद्ध ध्यानपद्धतींच्या आधारे ताण कमी करण्याचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम आखला. या दोन्ही पद्धतींत सराव व्यक्तीने करायचा असतो. वडगावचा उपक्रम ध्यान शिकवत नाही. लक्ष विचलित करणारी गोष्ट ठरावीक वेळ सगळ्यांच्याच समोरून दूर करतो. शेजारच्या घरातलाही टीव्ही बंद असल्यामुळे एकट्याच्या निग्रहावरचा भार हलका होतो.

प्रसार आणि मूल्यमापन : उपक्रमाची दखल देश-परदेशातील माध्यमांनी घेतली. बेळगाव जिल्ह्यातील हलगा गावाने डिसेंबर २०२४ मध्ये याच धर्तीवर रोज संध्याकाळी भोंगा वाजवून टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्यास सुरुवात केली. मुले अभ्यासाला बसू लागली, घरात बोलणे वाढले, हे परिणाम पालक आणि शिक्षकांच्या अनुभवातून सांगितले जातात. त्यांना मोजमापाचा दर्जा देता येणार नाही. उपक्रमाची मर्यादाही उघड आहे. पडदा बंद केल्याने वेळ मोकळा होतो, मन एकाग्र होतेच असे नाही, ८.३० नंतरचे वागणे ज्याचे त्याच्यावर राहते. तरीही लक्ष देणे ही केवळ वैयक्तिक शिस्तीची बाब नसून ग्रामसभेत ठरवता येण्याजोगी सार्वजनिक बाब आहे, हे दाखवून देण्यात या उपक्रमाचे महत्त्व आहे.