फुटके भांडे कुणाचे?

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी काय राखून ठेवले आहे? मेलेल्यांचे कपडे, फुटकी भांडी, लोखंडाचे दागिने. टाकाऊ वस्तू आणि टाकाऊ माणूस यांची सांगड या देशात धर्मग्रंथानेच घातली. तोच ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला जाळला गेला.

आज भंगारातून बनवलेल्या शिल्पांसमोर लोक हौसेने सेल्फी काढतात. ते भंगार वेचणारे हात कुणाचे, हे मात्र कुठल्याच पाटीवर नसते. म्हणून आम्हाला एक वेगळा इतिहास सांगायचा आहे. १९७२ मध्ये दलित पँथरने ज्या कृष्णवर्णीय लढ्याकडून नाव घेतले, त्याच लढ्याच्या काळातला.

लॉस एंजेलिसमधील वॉट्स ही कृष्णवर्णीयांची गरीब वस्ती. ११ ऑगस्ट १९६५ रोजी पोलिसांनी एका कृष्णवर्णीय तरुणाची गाडी अडवली आणि पोलिसी जाच, बेकारी, घरांची कोंडी यांचा साचलेला संताप उसळला. सहा दिवसांत ३४ माणसे मेली. सरकारने त्याला दंगल म्हटले. अनेकांनी उठाव म्हटले.

तिथल्या कला केंद्राचे संचालक होते नोआ प्युरिफॉय. जन्म १९१७, अलाबामा. आधी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, मग कलाशिक्षण. सहकारी जडसन पॉवेल यांच्यासोबत त्यांनी जळालेल्या वस्तीतून सुमारे तीन टन मलबा गोळा केला: कोळसा झालेले लाकूड, चेपलेला पत्रा, वितळून गोळे झालेल्या निऑन पाट्या. इतर कलावंतांना जोडून १९६६ मध्ये वॉट्समधल्याच एका शाळेत ६६ कलाकृती मांडल्या. प्रदर्शनाचे नाव '६६ साइन्स ऑफ निऑन'. पुढे ते अनेक विद्यापीठांत फिरले.

इथे कुणी विचारेल, बाबासाहेबांनी तर मेलेल्या ढोरांचे मांस, शिळे तुकडे सोडायला सांगितले. मग कचऱ्याचे गोडवे कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर सक्ती आणि निवड या दोन शब्दांत आहे. मनूने फुटके भांडे लादले, ते माणसाला हीन ठरवण्यासाठी. प्युरिफॉय यांनी जळके लाकूड स्वतः निवडले, ते व्यवस्थेविरुद्ध पुरावा म्हणून.

गटारात उतरण्याची सक्ती संपवणे हा आपला पहिला लढा आहेच. पण तरुण मित्रांनो, पाडलेल्या वस्तीतले चेपलेले पातेले, जळकी वही, तुटकी पाटी कचरागाडीत जाऊ देऊ नका. जपा, मांडा, त्यांचा इतिहास लिहा. आपल्यावर काय गुदरले याची ती साक्ष आहे.

जय भीम!