झाड कोणतं होतं?

आजची गोष्ट आहे चार-पाच मिलिमीटरच्या एका तुडतुड्याची, आणि माझ्या एका चुकीची.

जानेवारीत त्र्यंबककडच्या एका ओढ्याकाठी, वाळुंजाच्या पानावर तो दिसला. फोन जवळ नेला की पठ्ठ्या तिरका सरकून पानामागे! कसाबसा फोटो मिळाला. अ‍ॅपने सुचवलं, 'आंब्यावरचा तुडतुडा'. मी ओके दाबून नोंद टाकली. ओळखीच्या एका कीटक-अभ्यासक ताईंनी ती पाहून एवढंच विचारलं, "झाड कोणतं होतं रे?"

या प्रश्नाला जुना इतिहास आहे बरं का. 1834 मध्ये लुईस या इंग्रज अभ्यासकाने 'इडिओसेरस' ही प्रजाती मांडली. प्रजाती म्हणजे समजा आडनाव. तिचा नमुना मानलेला तुडतुडा राहतो विलोवर, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या युरोपातल्या भाऊबंदांवर.

तिकडे कलकत्त्यात अ‍ॅटकिन्सन नावाचा सरकारी अधिकारी होता. नोकरी हिशेबखात्यातली, नाद किड्यांचा. 1889 मध्ये फ्रान्सच्या लेथिएरीने भारतातल्या आंब्यावरच्या तीन जातींचं वर्णन बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. एका जातीला अ‍ॅटकिन्सनचं नाव दिलं. आडनाव मात्र तेच, इडिओसेरस! पुढे आंबेवाल्यांना वेगळी आडनावं मिळाली: बेकरची 1915 ची 'इडिओस्कोपस' आणि आनुफ्रिएव्हची 1970 ची 'अम्रिटोडस'.

म्हणजे दिसायला सारखे, घराणं एक, पण झाडं वेगळी. आणि नुसतं झाड कळूनही जात पक्की होत नाही. त्यासाठी नर पकडून, त्याची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागतात. फोटोत ती दिसतच नाहीत.

मग एवढं काय बिघडलं? आंब्यावरचे तुडतुडे मोहोराचा रस शोषतात, पानांवर चिकटा पडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि मोहोर गळतो. उद्या कुणी नोंदींवरून या किडीचा नकाशा काढला, तर आंबा नसलेल्या ओढ्यावर माझा खोटा ठिपका असणार. कोडमधला बग निदान क्रॅश होऊन सांगतो तरी. चुकीची नोंद गप्प बसून राहते.

मी नोंद बदलली: तुडतुडा, वाळुंजावर, तारीख, ठिकाण. जात: ठरलेली नाही. ही शेवटची ओळ लिहायला जरा जड गेली, पण अख्ख्या नोंदीत सगळ्यात खरी तीच आहे.

तुम्हीही फोटो काढाल तेव्हा किड्याबरोबर झाडाचाही एक काढा. भेटू पुढच्या भागात!