वयात येण्याचे वय आणि पुण्याची मोजपट्टी

मुलगी वयात कधी येते, हा प्रश्न पुण्यात एके काळी जाहीर सभांमध्ये लढवला गेला. 1890-91 मध्ये संमतिवयाच्या विधेयकावरून शहरात उभे दोन तट पडले होते. मुलीच्या शरीरसंबंधाला संमतीचे वय दहावरून बारा करणारा हा कायदा मार्च 1891 मध्ये मंजूर झाला. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्रांच्या आधारे त्याचे समर्थन केले, तर परक्या सरकारने आपल्या धर्मविधींत हात घालू नये, अशी बाजू टिळकांनी मांडली. वादाचे मूळ पहिल्या पाळीनंतर पतीने समागम करण्याच्या गर्भाधानविधीत होते. पहिली पाळी बाराव्या वर्षाआधी आली, तर धर्माने कर्तव्य मानलेली गोष्ट कायद्याने गुन्हा ठरणार होती. म्हणजे सगळा वाद पाळी येण्याच्या वयावर येऊन ठेपत होता, पण युक्तिवादात वचनांचा भार मोठा आणि मोजलेल्या नोंदींचा लहान होता. शिवाय सरकार हलले ते कलकत्त्यात फुलमणी ही कोवळी मुलगी पतीच्या बळजबरीने दगावल्यावर. किशोरवयीन शरीराला होणारी इजा मृत्यूच्या रूपाने समोर येईपर्यंत आपण मोजायला घेत नाही. कीडनाशकांच्या बाबतीतही आपण याच वाटेने आलो आहोत.

1958 मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेल्या गव्हाच्या पिठामुळे शंभराहून अधिक माणसे मेली आणि त्यानंतर दहा वर्षांनी, 1968 मध्ये, कीटकनाशक कायदा आला. पुण्याजवळच्या मांजरीत 1997 मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. 2003 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत मर्यादेपेक्षा जास्त अवशेष सापडले आणि त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांसाठी बागेपासून बंदरापर्यंत तपासणीची साखळी उभी राहिली. तिची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा मांजरीतच आहे. 2010 मध्ये वेलीची वाढ आवरणाऱ्या क्लोरमेक्वाटच्या, म्हणजे बागायतदारांच्या लिहोसिनच्या, अवशेषांमुळे माल पुन्हा अडकला आणि चाचण्यांची यादी वाढली. ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोप किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची मर्यादा लावतो आणि आपले शास्त्रज्ञ तेवढा सूक्ष्म अंश शोधून दाखवतात. हे यश खरे आहे. मात्र केरळात मृत्यूने आपल्याला जागे केले आणि इथे तोट्याने. वयात येण्याचा काळ वर्ष-दीड वर्ष मागेपुढे झाला तर माणूस मरत नाही आणि कुणाची खेपही परत येत नाही.

तरीही ती इजाच आहे. काही कीडनाशके शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. डीडीटीपासून शरीरात तयार होणारे डीडीई पुरुषी संप्रेरकांच्या कार्यात अडथळा आणते. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वीसहून अधिक वर्षे विमानातून एंडोसल्फान फवारले गेले. तिथल्या 10 ते 19 वर्षांच्या 117 मुलांची अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने दुसऱ्या गावातल्या 90 मुलांशी तुलना केली. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार फवारणीखालच्या मुलांमध्ये लैंगिक वाढ उशिरा होत होती आणि वयाच्या मानाने टेस्टोस्टेरॉन कमी होते. सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फान थांबवले ते मे 2011 मध्ये. तोवर ती मुले मोठी झाली होती.

यावर पहिला आक्षेप असा की, वयात येण्याचे वय मुख्यतः पोषणावर ठरते. तो रास्त आहे. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींना पाळी लवकर आली, तेव्हा तिथल्या अभ्यासकांनी कुपोषणानंतर झपाट्याने भरून निघालेल्या वाढीकडे बोट दाखवले. पण बेल्जियममध्ये परदेशातून आलेल्या, अकाली वयात आलेल्या बहुतेक मुलांच्या रक्तात डीडीई सापडले, बेल्जियन मुलांत ते क्वचितच होते. एवढ्याने कारण सिद्ध होत नाही, आणि कासरगोडचा अभ्यासही लहान, एकाच वेळी केलेल्या पाहणीचा होता. मात्र पोषण, लठ्ठपणा आणि रसायने यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतील, तर ते सुटे करायला तिन्हींच्या नोंदी एकाच मुलाबद्दल, वर्षानुवर्षे हव्यात. पुरावा अपुरा आहे म्हणून मोजायचेच नाही, असे म्हटले तर तो अपुराच राहणार.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे: फवारणीशिवाय डाऊनी आणि भुरी या रोगांपासून द्राक्षबाग वाचत नाही. खरे आहे, आणि भाजी-फळे सोडा असे सांगणे तर घातकच ठरेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1993 पासून जवळच्या सहा गावांत चालवलेल्या माता-पोषण अभ्यासात पालेभाज्या, फळे आणि दूध खाणाऱ्या गरोदर स्त्रियांची बाळे अधिक भरलेली दिसली. ताटातली मेथी टिकली पाहिजे, म्हणूनच तिच्यावर काय फवारले हे कळले पाहिजे. परदेशी जाणाऱ्या घडाची होते तशी काटेकोर तपासणी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरणाऱ्या प्रत्येक गाडीची होत नाही. खर्चाचे कारण मी मान्य करतो, पण ते गाडीन्‌गाडी तपासण्यापुरतेच. नियमित नमुने घेऊन निकाल लोकांसमोर ठेवणे पुण्याला न परवडण्याजोगे नाही.

अवशेषांचा सूक्ष्म अंश मोजणारी प्रयोगशाळा आणि मुलांची वाढ वर्षानुवर्षे टिपणारे संशोधक या एकाच परिसरात आहेत. शाळेतल्या आरोग्य तपासणीत, मुलांची आणि पालकांची संमती घेऊन व गुप्तता राखून, वयात येण्याची नोंद व्हावी. फवारणीच्या पट्ट्यातल्या मुलांची लघवी कीडनाशकांच्या अंशांसाठी तपासली जावी आणि दोन्ही नोंदी एकत्र वाचल्या जाव्यात. 1891 मध्ये पुण्याने या वयावर पुरेशा मोजमापाविना वाद घातला, कारण साधने तुटपुंजी होती. आज ती सबब उरलेली नाही. द्राक्षासाठी जी शिस्त आपण बाजाराच्या धाकाने शिकलो, ती आपल्या मुलांसाठी स्वतःहून पाळणे हे या शहराचे कर्तव्य आहे.