‘स्थायी वायूं’चा पराभव

स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर उचलताना आत काहीतरी डचमळते, हे तुमच्यापैकी अनेकांच्या ध्यानात आले असेल. शेगडीत जळतो तो वायू. परंतु सिलिंडरात तो बहुतांशी द्रवरूपाने साठविलेला असतो. याउलट, रिक्षाच्या टाकीतील सीएनजी कितीही दाबून भरला तरी वायूच राहतो. असे का व्हावे? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शास्त्रज्ञांची जवळजवळ शंभर वर्षे गेली. तो इतिहास विद्यार्थ्यांप्रमाणेच पालकांनीही वाचावा असा आहे.

या कथेतील पहिला नायक मायकेल फॅरडे. लोहाराचा हा मुलगा लंडनमध्ये पुस्तकबांधणीचे काम शिकत होता आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचून विज्ञानाकडे वळला. १८२३ साली त्याने काचेच्या बंद नळीत क्लोरीन वायू स्वतःच्याच दाबाखाली द्रवरूप करून दाखविला. पुढे त्याने दाबाच्या जोडीला उणे ११० अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी वापरून अनेक वायू द्रवरूप केले. तरीही १८४५ पर्यंत ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड व नायट्रिक ऑक्साइड हे सहा वायू दाद देईनात. व्हिएन्नातील नाटरर यांनी वातावरणाच्या दाबाच्या दोन हजारांहून अधिक पट दाब दिला, तरी व्यर्थ! तेव्हा या वायूंना ‘स्थायी वायू’ असे नाव पडले. जणू त्यांचे रूप कधी पालटणारच नाही!

या कोड्याची किल्ली बेलफास्ट येथील थॉमस अँड्र्यूज यांना सापडली. कार्बन डाय-ऑक्साइडवर वर्षानुवर्षे प्रयोग करून त्यांनी १८६९ मध्ये दाखवून दिले की, सुमारे ३१ अंशांच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही. त्याखाली मात्र योग्य दाब देताच होतो. या मर्यादेस ‘क्रांतिक तापमान’ म्हणतात. वायूचे कण एकमेकांस ओढतात, पण उष्णतेमुळे ते इतक्या वेगाने धावतात की ती ओढ अपुरी पडते. दाबाने कण जवळ येतात, मात्र त्यांची धाव मंदावण्यास थंडीच हवी. ऑक्सिजनचे क्रांतिक तापमान उणे ११८ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे फॅरडेची थंडी अवघ्या आठ-नऊ अंशांनी कमी पडली होती!

कणांमधील ही ओढ गणितात बसविली ती हॉलंडमधील योहानेस व्हान डेर वाल्स यांनी. सुताराच्या घरी, दहा भावंडांत थोरले म्हणून ते जन्मले. प्राथमिक शाळेत शिक्षकी करीत फावल्या वेळात ते लायडन विद्यापीठातील व्याख्याने ऐकत. परंतु लॅटिन व ग्रीक भाषा येत नसल्याने त्यांना परीक्षेस बसण्याची मुभा नव्हती. पुढे ही अट शिथिल झाली आणि १८७३ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी वायू व द्रव या अवस्थांच्या सलगतेवर प्रबंध सादर केला. १९१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता वाट सापडली होती. डिसेंबर १८७७ मध्ये फ्रान्समध्ये कायते यांनी दाबलेला थंड ऑक्सिजन एकदम सैल सोडला. पसरताना वायू स्वतःचीच उष्णता खर्च करून गार होतो. त्यामुळे नळीत क्षणभर धुके दिसले. त्याच सुमारास जिनिव्हात पिक्ते यांनाही यश आले. १८८३ मध्ये पोलंडमधील व्रोब्लेव्हस्की व ओल्शेव्हस्की यांनी भांड्यात शांतपणे उकळणारा द्रव ऑक्सिजन मिळविला. १८९८ साली लंडनमध्ये ड्युअर यांनी हायड्रोजन जिंकला. मागाहून हाती आलेला हीलियम तेवढा उरला. १० जुलै १९०८ रोजी लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांनी उणे २६९ अंशांवर तोही द्रवरूप केला. यासाठी त्यांना व्हान डेर वाल्स यांच्या गणिताचा आधार झाला, तसाच काच फुंकणाऱ्या व यंत्रे बनविणाऱ्या कुशल कारागिरांचाही. असे कारागीर तयार व्हावेत म्हणून १९०१ मध्ये त्यांनी लायडनला शाळाच काढली होती.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेन व ब्युटेन यांची क्रांतिक तापमाने अनुक्रमे सुमारे ९७ व १५२ अंश आहेत. म्हणून आपल्या हवेत नुसत्या दाबाने ते द्रव होतात. सीएनजीतील मिथेनचे क्रांतिक तापमान मात्र उणे ८२ अंशांच्या आसपास असल्याने तो टाकीत वायूच राहतो. तोच वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की द्रव होतो, आणि या रूपात तो जहाजांतून रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ येथे येतो.

‘स्थायी’ हा शिक्का वायूंवर माणसांनी मारला होता. उणीव वायूंत नव्हती, मिळालेल्या परिस्थितीत होती. पालकहो, ‘याच्याने शिक्षण होणार नाही’ असा शिक्का मुलावर किंवा मुलीवर मारण्यापूर्वी पुस्तके बांधणारा फॅरडे आणि परीक्षेचे दार बंद असूनही व्याख्यानांस जाणारा तो शाळामास्तर यांचे स्मरण ठेवावे. आणि विद्यार्थी मित्रहो, केवळ जोर लावून भागत नसेल, तर कोठे काय कमी पडते ते आधी शोधा.