मूत्रपिंड कर्करोग : विरळ उपद्रव व उशिराचा प्रसार

मूत्रपिंडातील सूक्ष्मनलिकांच्या अस्तरपेशींपासून उद्भवणारा कर्करोग. पाउल ग्राविट्झ यांनी 1883 मध्ये अशा गाठी अधिवृक्क ग्रंथीच्या अवशेषांपासून होतात असे मांडले. ते मत पुढे टिकले नाही. सुमारे 70 ते 75 टक्के गाठी स्वच्छपेशी प्रकारच्या असतात.

लघवीतून रक्त जाणे हे परिचित लक्षण. पण हा रोग फसवा आहे. गाठीतून स्रवणाऱ्या द्रव्यांमुळे रक्तातील कॅल्शियम किंवा तांबड्या पेशी वाढतात, रक्तदाब चढतो. यकृतात गाठ नसतानाही त्याचे कार्य बिघडते. हे स्टॉफर यांनी 1961 मध्ये नोंदविले. गाठ शिरेतून वाढत अधोमहानीलेत, क्वचित हृदयाच्या उजव्या अलिंदापर्यंत पोहोचते. डाव्या वृषणाभोवतीच्या शिरा अचानक फुगून आडवे झाल्यावरही ओसरत नसतील, तर मूत्रपिंडाची सोनोग्राफी करावीच.

प्रसार मुख्यतः फुप्फुसे, हाडे, यकृत व मेंदूत होतो. थायरॉईड, स्वादुपिंड, नाक किंवा टाळूची त्वचा येथेही तो दिसतो, कधी मूत्रपिंड काढल्यावर दहा वर्षांहून अधिक काळाने. तेव्हा जुनी शस्त्रक्रिया रुग्णाला सांगण्याजोगी वाटत नाही आणि थायरॉईडची गाठ नवाच आजार समजली जाते. ऊतक तपासणीने उलगडा होतो. एकच गाठ असल्यास ती काढणे लाभदायक ठरू शकते. अन्यथा लक्ष्यवेधी व प्रतिकारशक्तीवर आधारित औषधे देतात.

सातारा-सांगली भागात मिरजेचे सिद्धिविनायक गणपती कर्करोग रुग्णालय व कराडचे कृष्णा रुग्णालय ही उपचारकेंद्रे आहेत. शस्त्रक्रियेचे कागद व ऊतक अहवाल रुग्णाने कायम जपावेत.