कंधारचे शिलालेख आणि पुण्याची पदवी

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेमुळे लोहा तालुक्याचे नाव सर्वत्र पोहोचले आहे. मात्र लोह्यापासून अगदी जवळ असलेले कंधार हे राष्ट्रकूटकाळातील एक मोठे नगर होते, याची जाणीव यात्रेकरूंपैकी थोड्यांनाच असते. तिसरा कृष्ण (इ. स. ९३९ ते ९६७) याच्या काळातील शिलालेख येथे सापडला. त्यात ‘जगत्तुंगसमुद्र’ या तलावाचा उल्लेख आहे. एका महाकाय क्षेत्रपालमूर्तीचे भग्न अवशेषही येथेच मिळाले.

अशा परिसरात वाढलेल्या विद्यार्थ्याला पुरातत्त्वविद्या शिकावीशी वाटली, तर त्याला आधी दुसऱ्या एखाद्या विषयात पदवी घ्यावी लागते आणि मग साडेतीनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून पुणे गाठावे लागते. हा विषय पदवीच्या पायरीवर का नाही?

याचे उत्तर १९३९ सालात सापडते. पुण्याचे जुने डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये बंद पडले होते. १९३९ मध्ये ते पुन्हा उघडले, ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून. त्याच वर्षी हसमुख धीरजलाल सांकळिया तेथे प्राध्यापक झाले. लंडनला पीएच. डी. करीत असताना त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल येथील उत्खननात प्रत्यक्ष काम शिकून घेतले होते. महाराष्ट्रात हा विषय असा शिखराकडून सुरू झाला. आधी संशोधन आले, मग एम. ए. आले, खालची पायरी बहुतेक ठिकाणी बांधायची राहूनच गेली.

सांकळियांचे शिक्षण वर्गापेक्षा नदीकाठी अधिक चाले. नाशिक, जोर्वे, नेवासे ही नावे आज पाठ्यपुस्तकांत दिसतात, ती या भटकंतीमुळे. पुढे घोड नदीकाठच्या इनामगावी १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम उत्खनन झाले. ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे, धान्य, जनावरांची हाडे, घरातच रांजणांत पुरलेली मुले, असे एका गावाचे सारे आयुष्य तेथे मातीतून वर आले. हे वाचायला केवळ इतिहास पुरत नाही. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र लागते. म्हणूनच विज्ञानाच्या पदवीधरालाही या विषयाचे दार उघडे आहे. लातूरकडच्या मांजरा खोऱ्यात हत्ती व पाणघोड्याच्या अश्मीभूत हाडांचा अभ्यास झाला, तो याच परंपरेतून.

मराठवाड्याची वाट वेगळी होती. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९१४ पासून स्वतंत्र पुरातत्त्व खाते होते आणि गुलाम याझदानी यांच्यासारखा जाणकार त्याचा प्रमुख होता. पण अजिंठा-वेरूळच्या तेजापुढे आडबाजूची गावे अंधारातच राहिली. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले. त्याने नागपूर विद्यापीठासह १९७३ मध्ये भोकरदनचे उत्खनन केले. त्याआधीच, १९६८ मध्ये, नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने श्रीनिवास रित्ती व ग. चं. शेळके यांनी संपादित केलेले नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांचे पुस्तक प्रसिद्ध केले. पुरातत्त्वाचा विभाग नसलेल्या जिल्ह्यातील एका नव्या महाविद्यालयाने हे काम केले, याचे मोल मोठे आहे.

या शिलालेखांतील अनेक लेख जुन्या कन्नडमध्ये आहेत. राष्ट्रकूट आणि कल्याणीचे चालुक्य यांची ती राजभाषा. त्यामुळे येथला अभ्यासक मराठी, संस्कृत जाणून भागत नाही. जुनी कन्नड लिपी ओळखणारा डोळाही हवा. असा डोळा तयार व्हायला काही वर्षे जातात. दगड मात्र तेवढा वेळ थांबत नाही. कधी शिळा शेताच्या बांधावरून पायरीला जाते, तर कधी जीर्णोद्धारात लेखावर भडक ऑइलपेंटचा थर चढतो. रंग देणाऱ्याची भावना भक्तीचीच असते. खाली अक्षरे आहेत, हे त्याला सांगणारे कोणी त्या गावात नसते.