बिनवासाचे तेल : कुठे वापरावे, किती वेळा तापवावे?

रमजानमध्ये इफ्तारसाठी कढई रोज चुलीवर चढते. कालचे समोशांचे तेल आज भज्यांना आणि उद्या कबाबांना वापरले जाते. तेल फेकणे म्हणजे इसराफ, असे आपल्याला वाटते. म्हणून या तेलाची थोडी माहिती आम्ही येथे देत आहोत.

हे तेल कोणते?
सूर्यफूल, सोयाबीन, सरकी आणि राइस ब्रानच्या रिफाइंड तेलांना स्वतःची चव किंवा वास जवळजवळ नसतो. रिफाइंड करताना तेलातला चिकटपणा आणि आम्ल काढतात, रंग कमी करतात आणि शेवटी गरम वाफेने वास घालवतात. घाण्याच्या शेंगदाणा, तीळ किंवा मोहरीच्या तेलावर ही प्रक्रिया होत नाही, म्हणून त्यांचा वास टिकतो.

कुठे वापरावे?
- तळणासाठी : समोसे, भजी १७० ते १८० अंश सेल्सिअसला नीट तळली जातात. रिफाइंड तेल त्याहून बरेच जास्त तापल्यावर धूर सोडते.
- बिरिस्त्यासाठी : कांद्याचा गोडवा आणि मसाल्याचा सुगंध दबत नाही.
- केक, मेयॉनीजसाठी : तेलाची चव मध्ये येत नाही.

लोणचे आणि सुक्या चटणीला मात्र घाण्याचेच तेल बरे. तिथे तेलाची चव हवीच असते.

लेबलला भुलू नका
वास नाही म्हणजे तेल हलके, असे नव्हे. कोणत्याही तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात. 'कोलेस्टेरॉल फ्री' हेही काही खास नाही. वनस्पती तेलात ते मुळातच नसल्यासारखे असते.

तेल कधी टाकावे?
पुन्हा पुन्हा तापवल्याने तेलात अपायकारक घटक वाढतात. १ जुलै २०१८ पासून एफएसएसएआयने अशा 'पोलर' घटकांची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. घरी हे मोजता येत नाही, पण तेल काळपट, घट्ट झाले, फेस येऊ लागला किंवा लवकर धूर निघू लागला, तर ते काढून टाकावे. त्यात ताजे तेल मिसळून उपयोग नाही.

इसराफ टाळायचा तर सुरुवातीलाच छोटी कढई घ्या आणि तेल बेताचे ओता. बेसनाचा चुरा जळून तेल लवकर खराब होते, म्हणून तळताना तो झाऱ्याने काढत राहा. उरलेले तेल गार झाल्यावर गाळा आणि एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. खराब तेल मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो.

तेल वाचवायचे ते कढईत ओतण्याआधी. काळे पडलेले तेल घरच्यांच्या पोटात घालणे ही बचत नव्हे.